फायर अलार्म लावला, पुढे काय? सोलापूरच्या घरमालकांसाठी पायरीपायरीने

आमच्या विजापूर रोडच्या इमारतीत चौथ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये छताला दोन स्मोक डिटेक्टर आहेत. वडील गेल्यावर इमारतीचा कारभार माझ्याकडे आला आणि एकदा शिडीवर चढून मी ते जवळून पाहिले. दोन्हींवर पिवळ्या प्लास्टिकच्या टोप्या होत्या. मला वाटलं, असेच असतात. खाली शिडी धरून उभा असलेला टेक्निशियन हसला. म्हणाला, "मॅडम, रंगकाम चालू असताना आत धूळ जाऊ नये म्हणून ही टोपी असते. सिस्टीम चालू करताना काढायची असते." सिस्टीम चालू करून तेव्हा पाच वर्षं झाली होती. म्हणजे पाच वर्षं त्या मजल्यावरची माणसं झाकलेल्या डिटेक्टरखाली राहत होती, आणि आमच्या फाइलला दर सहा महिन्यांनी 'सर्व यंत्रणा सुस्थितीत आहे' असा कागद लागत होता.

त्या दिवसापासून मी कागद आणि यंत्रणा या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरते. खाली जे लिहिलंय ते गेल्या काही वर्षांत चुकत-माकत शिकलेलं आहे. ज्यांची इमारत भाड्याने आहे, ज्यांचे गाळे आहेत, ज्यांनी फ्लॅट हॉस्टेलला दिलाय किंवा जे सोसायटीत सेक्रेटरी म्हणून अडकलेत, त्यांच्यासाठी.

आपल्या शहरात हा विषय दूरचा राहिलेला नाही. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. त्यात मालकाच्या घरचे लोक होते, कामगार होते, एक लहान मूल होतं. खाली कारखाना आणि तिथेच राहणं, ही सोलापूरची जुनीच रीत. पूर्व भागात आजही किती घरांत खाली माग आणि वर बिऱ्हाड आहे ते मोजायला नको. पहाटेच्या झोपेत धुराचा वास येऊन जाग येईल यावर कोणी विसंबू नये. झोपलेल्या माणसाला वासाने जाग येत नाही, आवाजाने येते. अलार्मचं काम एवढंच, पण तेवढं त्याने केलंच पाहिजे.

आधी जबाबदारी कोणाची ते समजून घ्या

भाडेकरूला विचारलं तर तो म्हणतो मालकाची, मालक म्हणतो बिल्डरची, बिल्डरचा फोन लागत नाही. कायद्यात मात्र हा घोळ नाही. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' आणि त्याखालचे २००९ चे नियम, हे आपल्याला लागू आहेत. त्यात विकासक, मालक आणि भोगवटादार अशी तिघांचीही नावं घेतलेली आहेत. भोगवटादार म्हणजे जो प्रत्यक्ष जागा वापरतो तो, भाडेकरूही त्यात आला. यंत्रणा बसवणं हे एक काम, आणि ती कायम चालू स्थितीत ठेवणं हे दुसरं. बहुतेक मालक पहिल्यावर थांबतात.

व्यवहारात त्याचा अर्थ मी असा लावते: जिना, पॅसेज, पॅनेल (अलार्मचा मुख्य डबा), हूटर (भोंगा), वायरिंग, आग विझवायच्या पाण्याची टाकी हे सगळं सामाईक ते मालकाचं किंवा सोसायटीचं. गाळ्याच्या किंवा फ्लॅटच्या आत जे आहे ते बिघडवायचं नाही ही भाडेकरूची जबाबदारी, पण ते चालतंय की नाही हे बघणं पुन्हा मालकाकडेच येतं. करारात "सर्व जबाबदारी भाडेकरूची" असं एक वाक्य टाकलं म्हणून मालक सुटत नाही. अग्निशमन अधिकाऱ्याची नोटीस आली तर ती तुमच्या नावावर येईल.

आणि नोटिशीकडे दुर्लक्ष करून भागत नाही. या कायद्याचं उल्लंघन सिद्ध झालं तर सहा महिने ते तीन वर्षं सक्तमजुरी आणि वीस ते पन्नास हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. इमारत धोकादायक वाटली तर सील करण्याचा आणि वीज-पाणी तोडायला लावण्याचा अधिकारही अग्निशमन यंत्रणेला आहे. हे घाबरवायला सांगत नाही. चार गाळ्यांचं भाडं बंद पडलं की काय होतं ते प्रत्येक मालकाला कळतं.

तुमच्या इमारतीला नेमकं काय लागतं

याचं उत्तर शेजारच्या इमारतीकडे बघून मिळत नाही. तीन कागद शोधा: मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि फायर एनओसी, म्हणजे अग्निशमन विभागाचं ना-हरकत पत्र. एनओसीत कोणत्या मजल्यावर काय बसवायचं ते अटींच्या रूपाने लिहिलेलं असतं. ही यादी हातात घेऊन तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एकदा चालत जा आणि प्रत्येक ओळीपुढे 'आहे', 'नाही', 'आहे पण बंद' असं पेन्सिलीने लिहा. माझ्या यादीत तिसऱ्या प्रकारच्या खुणा सगळ्यात जास्त निघाल्या.

एनओसी सापडत नसेल तर महापालिकेच्या अग्निशमन विभागात मिळकतीची माहिती देऊन नक्कल मागा. भूखंड एमआयडीसीचा असेल तर आधी एमआयडीसीच्या अग्निशमन विभागाकडे चौकशी करा. कुठल्या टेबलावर जायचं हे कळण्यातच पहिली चक्कर जाते, तेवढी धरून चला.

ढोबळमानाने इतकं लक्षात ठेवा. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार पंधरा मीटर आणि त्याहून उंच इमारत ही 'उंच इमारत' समजली जाते आणि तिथून पुढे नियम कडक होतात. तळमजला धरून पाच मजले झाले की आपण त्या रेषेच्या आसपास येतो. पण उंचीइतकाच वापरही महत्त्वाचा असतो. लॉज, हॉस्टेल, दवाखाना यांना राहत्या घरांपेक्षा जास्त यंत्रणा लागते, कारण तिथली माणसं झोपलेली, आजारी किंवा इमारतीला नवखी असतात.

आणि इथेच सोलापुरात सगळ्यात मोठी गफलत होते. नकाशा मंजूर झाला तेव्हा जे फ्लॅट होते तिथे आज मुलींचं हॉस्टेल आहे, पार्किंगच्या जागी गोडाऊन आहे, पहिल्या मजल्यावर दीडशे पोरांचा क्लास भरतो. वापर बदलला, भाडं वाढलं, अलार्म मात्र जुन्याच वापराचा राहिला. असा बदल तुमच्या इमारतीत झाला असेल तर जुनी एनओसी दाखवून काही उपयोग नाही. आधी वापरातला बदल रीतसर करून घ्या, मग यंत्रणा. आमच्याकडच्या क्लासच्या बाबतीत मी हे उशिरा केलं, आणि तेवढे दिवस रोज संध्याकाळी सहा वाजता तो जिना पोरांनी भरलेला बघून पोटात गोळा यायचा.

पेठेतल्या दोन मजली जुन्या घरांना, वाड्यांना बहुधा अलार्मची सक्ती नसते. तरीही तिथे भाडेकरू झोपत असतील तर बॅटरीवर चालणारे सुटे स्मोक अलार्म छताला लावा. वायर ओढावी लागत नाही, भिंत फोडावी लागत नाही. जिन्याच्या माथ्यावर एक आणि झोपायच्या खोलीबाहेर एक. बॅटरी संपत आली की तो मधूनमधून 'टिक' असा आवाज करतो. भाडेकरू वैतागून बॅटरी काढून ठेवतो, म्हणून सोबत एक सुटी बॅटरी देऊन ठेवा. आणि असा अलार्म दहा वर्षांनी बदलायचाच, वाजत असला तरी.

पॅनेलपुढे दहा मिनिटं उभे राहा

हे कोणीच करत नाही. पॅनेल बहुधा वॉचमनच्या केबिनमध्ये किंवा जिन्याखाली असतं, वर कॅलेंडर लटकवलेलं असतं, खाली पाण्याचा माठ. आधी ते मोकळं करा.

साध्या इमारतीत जे पॅनेल असतं त्याला कन्व्हेन्शनल म्हणतात. त्यावर झोन असतात: एक मजला म्हणजे साधारण एक झोन. तळमजला झोन १ असेल तर 'झोन ४ फायर' लागलं की तिसऱ्या मजल्यावर काहीतरी आहे एवढंच कळतं, कुठली खोली ते कळत नाही. मोठ्या दवाखान्यांत, हॉटेलांत अ‍ॅड्रेसेबल पॅनेल असतं, त्यात प्रत्येक डिटेक्टरला नंबर असतो आणि पडद्यावर नेमकी जागा उमटते. तुमचं कोणतं आहे ते विचारून घ्या, कारण त्यावर पुढचं सगळं ठरतं.

मग दिवे बघा. हिरवा म्हणजे वीज चालू. लाल म्हणजे आग. पिवळा म्हणजे फॉल्ट. आमच्या पॅनेलवर पिवळा दिवा मी सांभाळायला घेतलं तेव्हापासून लागलेला होता आणि वॉचमन मामांना तो 'चालू असल्याचा' दिवा वाटत होता. पिवळा दिवा म्हणजे कुठेतरी तार तुटली आहे, डिटेक्टर काढला आहे, बॅटरी बसली आहे किंवा हूटरची लाइन गेली आहे. यंत्र स्वतःहून सांगतंय की मी अर्धा आजारी आहे, आणि आपण त्याच्या पुढे बसून चहा पितोय.

पॅनेलचं झाकण टेक्निशियनकडून उघडून घ्या. आत बहुतेक वेळा बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात. त्यांच्यावर बसवल्याची तारीख लिहिलेली आहे का? नसेल तर मार्करने आजपासून लिहायला लागा. पॅनेल अशा खोलीत असेल जिथे उन्हाळ्यात हवा खेळत नाही, तर आपल्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत बॅटऱ्या लवकर बसतात. मी तीन वर्षांनी बदलतेच. वीज गेली तरी पॅनेल किमान एक दिवस जागं राहिलं पाहिजे आणि त्यानंतरही अर्धा तास हूटर वाजवता आला पाहिजे, हा हिशेब धरून बॅटरी निवडतात.

शेवटी, पॅनेलची वीज कुठून येते ते शोधा. आमच्या इथे ती जिन्याच्या दिव्यांच्या एमसीबीवरच (मीटरपाशी असतो तो विजेचा स्विच) होती. कोणी जिन्याचा बल्ब बदलताना एमसीबी खाली केला की पॅनेल बॅटरीवर जायचं, आणि तो परत वर करायचं कोणी विसरलं की दोन दिवसांनी गप्प व्हायचं. वेगळा एमसीबी घ्या आणि त्यावर लाल रंगात 'फायर अलार्म, बंद करू नये' असं लिहा.

कुठे कोणता डिटेक्टर

स्मोक डिटेक्टर सगळीकडे चालतो असं वाटतं. नाही चालत. स्वयंपाकघरात तो लावला तर ठेच्याच्या पहिल्या फोडणीला वाजेल, आणि तिसऱ्यांदा वाजल्यावर कोणीतरी त्याला प्लास्टिकची पिशवी बांधेल. स्वयंपाकघरात, हॉटेलच्या भटारखान्यात हीट डिटेक्टर लावायचा. तो धुराने नाही, उष्णतेने वाजतो.

मागाच्या शेडमध्ये अडचण वेगळी. कापसाची धूळ हवेत सतत तरंगत असते, ती स्मोक डिटेक्टरच्या जाळीत बसते आणि एकतर तो उगाच वाजत राहतो किंवा कायमचा आंधळा होतो. तिथेही हीट डिटेक्टर, पण त्यातही बघून. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात छताजवळची हवा बाहेरच्यापेक्षा बरीच तापलेली असते. साधा हीट डिटेक्टर साधारण ५७-५८ डिग्रीला वाजतो. पत्र्याखाली तेवढं तापमान आगीशिवायही जवळ येऊ शकतं, म्हणून जास्त डिग्रीचा मागा. तापमान झपाट्याने वाढलं की वाजणारा, ज्याला 'रेट ऑफ राइज' म्हणतात, तो बॉयलरजवळ किंवा रंगाच्या टाक्यांजवळ लावू नका. तिथे झाकण उघडलं की वाफेने वाजेल.

गोडाऊनमध्ये टॉवेल-चादरींच्या गठ्ठ्यांची थप्पी छताला भिडते, डिटेक्टर थप्पीत बुडतो. धूर त्याच्यापर्यंत मोकळेपणाने पोचला पाहिजे, म्हणून वरची हातभर जागा रिकामी ठेवायची अशी रेघच भिंतीवर मारून घ्या. आणि खाली माग, वर बिऱ्हाड असेल तर खालच्या डिटेक्टरचा हूटर वर, झोपायच्या खोलीपाशी हवा. खाली वाजून उपयोग काय? रात्री खाली ऐकायला कोण आहे?

आता हाताने दाबायचा तो लाल डबा. त्याला सगळे एमसीपी म्हणतात, मॅन्युअल कॉल पॉइंट. तो बाहेर पडायच्या वाटेवर, जिन्याच्या दाराशी, जमिनीपासून साधारण १.४ मीटरवर असतो. आमच्याकडे एका गाळेवाल्याने त्याच्यापुढे साड्यांचं कपाट उभं केलं होतं. भांडण नको म्हणून मी दोन महिने गोड बोलले. मग एक दिवस त्यांनाच म्हटलं, "दादा, डोळे मिटा आणि डबा शोधून दाखवा." कपाट संध्याकाळी हललं.

तपासणी: रविवारची दहा मिनिटं

ही सगळी कामं वर्षाला एकदा येणाऱ्या टेक्निशियनवर सोडू नका.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, एका एमसीपीला चावी लावून वाजवायचं. दर आठवड्याला वेगळा डबा, म्हणजे काही महिन्यांत सगळे होतात. ही टेस्टची चावी छोटी प्लास्टिकची असते, पॅनेलसोबत आलेली असते आणि हमखास हरवलेली असते, तर दोन मागवून ठेवा. वाजवायच्या आधी भाडेकरूंच्या ग्रुपवर मेसेज टाका. आमची वेळ रविवारी सकाळी अकरा. वाजलं की तीन गोष्टी बघायच्या: पॅनेलवर बरोबर झोन लागला का, हूटर सगळ्या मजल्यांवर ऐकू आला का, आणि रीसेट केल्यावर पॅनेल परत शांत हिरवं झालं का.

हूटर ऐकू येणं ही गोष्ट कानाने ठरवायची असते, बाहेर पॅसेजमध्ये उभं राहून नाही. बेडरूमचं दार लावा, पंखा फुल करा, कूलर चालू करा आणि मग ऐका. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरचा आवाज एवढा असतो की दारावरची बेलही ऐकू येत नाही. आयएस २१८९ या भारतीय मानकाप्रमाणे साधारण जागेत किमान ६५ डेसिबल आणि झोपायच्या ठिकाणी उशीपाशी ७५ डेसिबल आवाज हवा. मोबाइलवरच्या ॲपने अंदाज येतो, अगदी अचूक नाही, पण यापेक्षा कमी दाखवत असेल तर आणखी एक हूटर लावायची वेळ झाली असं समजा. ज्यांना ऐकू कमी येतं असे ज्येष्ठ भाडेकरू असतील तर त्यांच्या मजल्यावर लुकलुकणारा दिवाही बसवून घ्या.

महिन्यातून एकदा वॉचमन मामांना घेऊन मेन बंद करायचा आणि पॅनेल बॅटरीवर तासभर ठेवून मग एमसीपी वाजवायचा. बॅटरी मेलेली असेल तर इथे उघडी पडते.

दर तीन महिन्यांनी डिटेक्टर साफ करणं, हे एजन्सीचं काम. पहिला पाऊस पडला की बारीक किडे आत शिरतात, कोळी जाळं करतो, आणि डास मारायच्या धुराची गाडी गल्लीतून गेली की अख्खी इमारत खाली येते. अशा खोट्या अलार्मची नोंद ठेवा. तोच डिटेक्टर पुन्हा पुन्हा वाजत असेल तर तो घाणेरडा आहे किंवा चुकीच्या जागी आहे. त्याला काढून ठेवणं हा उपाय नाही.

वर्षातून एकदा प्रत्येक डिटेक्टर, एकही न सोडता, तपासून घ्यायचा. त्यासाठी टेस्टचा स्प्रे मिळतो, लांब काठीला लावून छतापर्यंत नेतात. काहीजण उदबत्ती धरतात, कागद जाळतात. त्याने आत काजळी बसते. एजन्सीने उदबत्ती काढली तर त्यांना नम्रपणे घरी पाठवा. आणि टेस्ट चालू असताना तुम्ही स्वतः सोबत फिरा. टोप्या तेव्हाच सापडतात.

एजन्सी आणि फॉर्म बी

अलार्म बसवणं, दुरुस्त करणं आणि प्रमाणपत्र देणं ही कामं महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचा परवाना असलेल्या एजन्सीनेच करायची असतात. ओळखीचा इलेक्ट्रिशियन कितीही हुशार असला तरी त्याच्या सहीला इथे किंमत नाही. परवान्याची प्रत मागा, त्यावरची मुदत बघा आणि परवाना कोणत्या कामासाठी आहे तेही वाचा.

यंत्रणा बसवल्यावर एजन्सी फॉर्म ए देते. नंतर दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र. महिने लक्षात राहत नसतील तर सोपं आहे: गड्ड्याची जत्रा भरली की पहिला, आषाढीच्या आसपास दुसरा. जमा केल्याची पोच घ्या आणि फाइलला लावा.

फॉर्म बीवर सही एजन्सीची असते, पण मालक म्हणून तो तुम्ही देत असता. आमच्याकडे पूर्वी काम करणाऱ्या एजन्सीचा माणूस खालीच खुर्चीत बसून फॉर्म भरायचा आणि चहा घेऊन जायचा. तो दोषी आहेच. पण पाच वर्षं त्याला "वर चला" असं आम्हीही म्हटलं नाही.

एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, करताना वर्षाला किती भेटी, बिघाड कळवल्यावर किती तासांत येणार, बॅटरी आणि डिटेक्टर करारात धरलेत की वेगळे पैसे, आणि प्रत्येक भेटीचा लेखी अहवाल मिळणार का, हे कागदावर आणा. सगळ्यात स्वस्त एएमसीत बहुधा फक्त फॉर्म मिळतो.

भाडेकरूंशी बोलणं आणि करार

लिव्ह अँड लायसन्सच्या छापील मसुद्यात आगीबद्दल काहीच नसतं. मी हे कलम घालते, तुम्हीही वापरा:

'जागेतील व सामाईक भागातील फायर अलार्म, डिटेक्टर, हूटर, कॉल पॉइंट व अग्निशामक यांना लायसेन्सी हात लावणार नाही, झाकणार नाही, रंगवणार नाही वा काढणार नाही. फॉल्स सीलिंग, पार्टिशन वा वायरिंगचे काम मालकाच्या लेखी परवानगीशिवाय करणार नाही. तपासणीसाठी २४ तासांची सूचना दिल्यावर जागेत प्रवेश देईल. जिना, पॅसेज व बाहेर पडण्याची दारे मोकळी ठेवील.'

फॉल्स सीलिंगचा उल्लेख मुद्दाम आहे. क्लासवाल्यांनी हौसेने पीओपी केलं आणि जुने चारही डिटेक्टर वरच्या पोकळीत गाडले गेले. पॅनेलला ते दिसत होते, पण खाली आग लागली असती तर धूर आधी पीओपी ओलांडून वर जायला हवा होता. काम सुरू होण्याआधी एजन्सीला बोलावलं असतं तर डिटेक्टर खाली उतरवून घ्यायला अर्धा दिवस लागला असता. नंतर पीओपी फोडावं लागलं आणि खर्च कोणाचा यावर महिनाभर कोणी कोणाशी नीट बोललं नाही.

नवा भाडेकरू आला की चावी देताना त्याला एकदा जिन्याने खालपासून वरपर्यंत फिरवा, एमसीपी दाखवा, गच्चीची चावी कुठे असते ते सांगा. सूचना फक्त मराठीत लावू नका. आपल्याकडे तेलुगू, कन्नड, हिंदी, उर्दू बोलणारी माणसं एकाच जिन्यावर राहतात. आमच्या इमारतीत तेलुगू पाटी वरच्या मजल्यावरच्या पद्मशाली आजींनी सांगून लिहून घेतली. त्या दिवसापासून टेस्टच्या वेळी त्याच सगळ्यांना बाहेर काढतात.

वाजला तर

वॉचमनच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरात एवढंच चिकटवा: आधी १०१ ला फोन, मग वर जाऊन बघणं, सायलेन्स बटण सगळ्यात शेवटी. रात्रीच्या माणसांचा पहिला हात सायलेन्सवरच जातो, कारण साहेब रागावतील ही भीती असते. मी मामांना लेखी दिलंय: खोटा निघाला तरी तुम्हाला कोणी बोलणार नाही.

फोनवर इमारतीचं नाव सांगून भागत नाही. जवळची खूण, कुठल्या चौकातून वळायचं, आणि गाडी आत येईल एवढा रस्ता मोकळा आहे का, हे सांगायचं. गेटसमोर लावलेल्या दुचाक्या रात्री कोण हलवणार हे आधी ठरवा. लिफ्ट वापरायची नाही, सगळे जिन्याने एका ठरलेल्या जागी. आमची जागा म्हणजे समोरच्या किराणा दुकानाचा कट्टा.

आणि टाकी. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे फायरची टाकी ही लोकांना साठवणीची वाटते. एका उन्हाळ्यात आमची पूर्ण रिकामी सापडली. कोणी टिल्लू पंप लावून गाळ्यांना पाणी दिलं होतं. आता झाकणाला कुलूप आहे, चावी माझ्याकडे एक आणि मामांकडे एक. त्या दिवसात माझ्यावर शिव्याही पडल्या.

वर्षातून दोनदा सगळ्यांना खाली उतरवून सराव करा. पहिल्या वेळी आमच्याकडे अकरा जण आले, बाकीच्यांनी खिडकीतून विचारलं, "लाइट गेली का?"

लॉग बुक म्हणून शंभर पानी वही पुरते. तारीख, वेळ, काय तपासलं, काय निघालं, कोणी केलं. अधिकारी आला की तो आधी वहीच मागतो. मागच्या रविवारचं पान असं आहे:

'सकाळी ११.०५. तिसरा मजला, जिन्याजवळचा एमसीपी. झोन ४ लागला, बरोबर. हूटर तळमजला, पहिला, दुसरा, तिसरा: वाजला. चौथा: वाजला, पण मागच्या फ्लॅटमध्ये कूलर चालू असताना ऐकू आला नाही. पाचवा: वाजला. रीसेट ११.१२. एजन्सीला चौथ्या मजल्यासाठी जादा हूटरचं कोटेशन मागितलं. बुधवारी येतो म्हणाले.'